वाढत्या पायाचे बूट

आत दुधाळ, दाट लोकर आणि बाहेर मधाच्या रंगाचं मऊ चामडं... मेंढ्यांची कातडी छताला ओळीने टांगलेली, आणि साऱ्या शेडमध्ये ओल्या लोकरीचा तो वास, थोडा तुपकट, थोडा गोठ्यासारखा. जूनमधल्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यातल्या, दाट धुक्याच्या एका सकाळी, हॅमिल्टनच्या बाहेर, दहा वर्षांची मी बूट शिवणाऱ्या एका कारागिराच्या बाकावर बसले, लोकरीत पाय घातला, आणि नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदाच पायाची बोटं माझी मला जाणवली.

तेव्हा आई आणि मी आत्याकडे राहत होतो. बाबांचा व्हिसा अडकलेला, आईची नर्सिंगची नोंदणी व्हायची होती. तोवर घर आत्याचं, हीटर आत्याचा, आणि रोज सकाळी चहाबरोबर तिच्या उपकारांची उजळणी. ती फार्मसिस्ट होती. गोळ्या द्याव्यात तशी माया द्यायची — जेवणानंतर, एकच.

म्हाताऱ्या कारागिराने आत्याच्या मुलीला, रियाला, पायाला चिकटून बसणारा जोड दिला. मलाही तसाच दिला. आत्याने तो माझ्या पायातून ओढून काढला.

"हिला दोन नंबर मोठा. वाढता पाय आहे."

म्हातारा समजावू लागला : लोकर दबते, चामडं सैलावतं, म्हणून आज घट्टच घ्या. आत्या मराठीत आईकडे वळली. "त्याचं काय जातंय? दर वर्षी नवा जोड विकायचाय त्याला. रियाला मी घेईन हो, पण वहिनी, तुम्हाला झेपणार आहे का?"

"ताई म्हणतात ते बरोबर आहे," आई म्हणाली.

"मला हाच हवाय," मी म्हणाले.

"हवंय म्हणे! पाय कुणाच्या घरात ठेवलेत ते बघ आधी."

मी मोठ्या जोडात पाय घातले. आयुष्यातला तो एकच सौदा मी एका वाक्यात सोडून दिला.

आपल्याकडे फ्रॉक, स्वेटर, गणवेश, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं. कापड आहे तेवढंच राहतं आणि मूल त्यात हळूहळू भरत जातं. इथे मूल राहिलं मागे आणि बूटच वाढले. तीन आठवड्यांत लोकर चपटी झाली, टाच आत डुगडुगू लागली, दहिवराचं पाणी वरून आत उतरायला लागलं. मी मोजे कोंबले, मग वर्तमानपत्र कोंबलं. पाय जमिनीवरून उचलला की बूट मागे राहायचा, म्हणून मी पाय फाकवून, घासत घासत चालायला शिकले... थंडीने बोटं सुजली, लाल झाली, रात्री पांघरुणात खाजत राहिली.

जुलैत रियाचा वाढदिवस होता. घर मराठी पाहुण्यांनी भरलेलं, काचांवर वाफ, तळणीचा आणि ओल्या कोटांचा वास.

"अगं, ते चालून दाखव ना सगळ्यांना," आत्या म्हणाली. "बघा हं, आमच्याकडे बदक पाळलंय!"

"क्वॅक क्वॅक!" रिया ओरडली.

मी चालले. दारापासून सोफ्यापर्यंत — आणि कुणीतरी म्हणालं, "वन्स मोअर," म्हणून परत. त्या सगळ्या हसण्यात मला एक हसू वेगळं ऐकू आलं. बटाटेवड्यांचं ताट हातात धरून आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

त्यानंतर मी कुणाचं काही घेतलं नाही. हेन्डरसनमधलं माझं दुकान मी एकटीने उभं केलं. तिथले पुरवठादार मला घाबरतात, घाबरावंच. आईच्या त्या हसण्याचा हिशेबही मी केव्हाच लावून टाकला होता : बिचारी परक्या घरात होती, हसली नसती तर राहिलो कुठे असतो? सगळं पाप आत्याच्या नावावर. तीस वर्षं मी ते तिथेच ठेवलं.

या हिवाळ्यात आईचे पाय सुजायला लागले, म्हणून तिला बूट घ्यायला घेऊन गेले. कारागीर नवा, तरुण. शिवण जरा वाकडी होती, त्यावरून मी त्याला पंधरा मिनिटं धारेवर धरलं आणि किंमत उतरवली. आईच्या पायाला जोड घट्ट, नेमका बसला. परतताना गाडीत मी विचारलंच.

"आई, त्या वाढदिवसाला तू हसलीस ते आत्याच्या भीतीने ना?"

"भीती कसली?" ती म्हणाली. "तू चालतच अशी होतीस गं! ढुंगण मागे, पाय फाकलेले..." आणि ती पुन्हा हसायला लागली, तशीच, डोळे पुसत, नव्या बुटांतले पाय आपटत.

मी हीटर वाढवला आणि रस्त्याकडे बघत राहिले.

आत्या तीन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आठवड्यात तिने दोनदा फोन केला होता. हेन्डरसनहून हॅमिल्टन दीड-दोन तासांवर आहे. मी गेले नाही.