दहा कासरे

"भावाच्या आधी बाभळीला हात लाव, मग जा स्पर्धेला," असं माझे वडील, अप्पा, म्हणाले. तालुक्यात शंभर मीटरला मी पहिली आले होते. विभागीय स्पर्धेसाठी दुसऱ्या दिवशी सोनपेठहून एसटी धरायची होती, आणि वडिलांची परवानगी अडली होती धाकट्या भावापाशी.

तो सहावीत होता तोवर मी त्याला रोज धूळ चारायचे. मग त्याला मिसरूड फुटलं, आवाज फुटला आणि वर्षाभरात सगळं उलटं झालं. सराव मी करायचे, पुढं जायचा तो. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते. शेवटी खेळाच्या बाईंनी समजावलं की वयात येताना मुलांच्या अंगात स्नायू जास्त भरतात, म्हणून मुलींची शर्यत मुलींशीच असते. सुरुवातीच्या पावलांना फरक थोडा, पुढं वाढत जातो.

हेच मी अप्पांना सांगितलं. वर तोंड करून विचारलंही, "गाईला बैलासंगं जुंपता का तुमी?"

"गाईला शर्यतीला नेतंय का कुणी?" ते म्हणाले. 

त्यांनी बैलाचा कासरा घेतला आणि बांधापासून बाभळीपर्यंत दोर टाकत दहा कासरे मोजले. आमचा कासरा बरोबर दहा मीटरचा, म्हणजे शंभर मीटर झाले. बाईंनी दिलेलं स्टॉपवॉच मी त्यांच्या हातात ठेवलं. बाभळीपाशी उभं राहून दस्ती, म्हणजे हातरुमाल, खाली टाकताना बटण दाबायचं आणि मी झाडाला हात लावला की पुन्हा.

बांधावर भाऊ हळूच म्हणाला, "ताई, दमानं पळू का?"

"तसं पळून तर बघ, तंगडी मोडीन."

बोलले खरी, पण लगेच जीभ चावली. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

दस्ती पडली. दोन-तीन कासरे आम्ही खांद्याला खांदा लावून होतो. मग त्याची पाठ दिसायला लागली. रडू येत होतं, तरी त्या पाठीमागं जीव खाऊन पळाले. तो पोचल्यावर दोन पावलांनी माझा हात बाभळीला लागला.

भावानं अप्पांच्या हातातलं घड्याळ ओढून बघितलं आणि ओरडला, "टाइम कमी आलाय हिचा! तालुक्यापरीस कमी!"

"कमीच आला न्हवं?" अप्पा कासरा गुंडाळायला लागले. "मंग बस घरी."

"आवो अप्पा, पळण्यात कमी टाइम म्हंजी जोरात! एवढ्या जोरात ही कधीच पळली न्हाई."

"मंग तुला कशी हारली?"

भावानं ओठावरच्या कोवळ्या मिसरुडावरून बोट फिरवलं. "ह्याच्यामुळं."

अप्पांनी गुंडाळलेला कासरा खांद्यावर टाकला. मग मला म्हणाले, "तिथं समद्या पोरीच हायेत?"

"समद्या."

 सकाळी अप्पा स्वतः मला सोडायला स्टँडवर आले. गाडी हलली तशी खिडकीशी चार पावलं पळाले आणि सगळ्या एसटीला ऐकू जाईल असं ओरडले, "टाइम कमी आण गं! लय कमी आण!"