तेलुगू बातम्यांच्या खाली आलेलं नाव

केदारखेड्याच्या स्टँडजवळ कल्याणचं मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश लावून उन्हात ठेवायची, हे काम तो लग्नाच्या आधीपासून करत आलाय. हात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात, म्हणून दुकानात कायम रेडिओ चालू. गावात बाकी कुणाकडे आता रेडिओ राहिला नाही.

गाण्यांचं त्याला फारसं वेड नव्हतं. त्याला मजा यायची ती दिवस मावळताना. दिवसभर मीडियम वेव्हवर जवळची एक-दोन केंद्रं सोडली तर नुसती खरखर असते. सूर्य खाली गेला की लांबलांबचे आवाज यायला लागतात, आणि काट्याच्या एकाच जागेवर दोन-दोन, कधी तीन केंद्रं एकमेकांच्या अंगावर बोलतात. वर बोलणारं केंद्र कुणालाही ऐकू येतं. कल्याण खालचं कोणतं ते ओळखत बसायचा. रेडिओच्या पोटात तार गुंडाळलेली एक काळी कांडी असते. तिचं टोक ज्या दिशेला होईल तिकडचा आवाज पडतो. तारेशीच रोजचा संबंध असल्यानं हे त्याला लवकर उमगलं होतं. टेबलावर रेडिओ हळूहळू फिरवायचा. एका ठिकाणी वरचं केंद्र एकदम दबतं आणि खालचं मोकळं होतं. त्याची बायको बेबीनंदा म्हणायची, दोन माणसं एकदम भांडत असली तर आपण तिथून निघून जातो, आणि तुम्ही मुद्दाम बसून ऐकता.

कल्याणचा मोठा भाऊ रखमाजी. दोघांची घरं एका अंगणात. एका मोठ्या तापानंतर रखमाजीचं डोकं ठिकाणावर राहीना. बोलता बोलता गप्प व्हायचा, वावरात जायला निघून भलत्याच रस्त्याला लागायचा. एका बाजाराच्या दिवशी भोकरदनला गेला तो परत आला नाही. कल्याण आणि रखमाजीचा थोरला मुलगा बबलू यांनी जालना, परभणी, नांदेड, सगळी स्टेशनं पालथी घातली. फोटो वाटले. काही हाती लागलं नाही.

पुढं दिवाळीनंतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलिसांचा फोन आला. रुळांच्या कडेला एक माणूस मिळाला होता. वय, उंची, अंगकाठी जुळत होती. कल्याण गेला. चेहरा म्हणून काही राहिलं नव्हतं. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता आणि कॉलरच्या आत भोकरदनच्या टेलरचं लेबल. रखमाजीचे सगळे शर्ट त्याच टेलरकडचे, आणि गेला त्या दिवशी त्याच्या अंगात असाच निळा शर्ट होता. कल्याणनं शर्ट बघितला, मान हलवली आणि म्हणाला, माझा भाऊ आहे.

बबलूनं अग्नी दिला. रखमाजीच्या बायकोनं, उषाबाईनं, कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. दहावा, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं. घर हळूहळू त्या दुःखाला सरावलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. दुकान आवरायची वेळ होती. रेडिओवर एक तेलुगू केंद्र जोरात लागलं होतं आणि त्याच्या खाली कुठलंतरी हिंदी केंद्र येऊन-जाऊन होतं. हे हिंदी केंद्र कल्याणला अजून ओळखता आलं नव्हतं. लांबचे आवाज लाटेसारखे चढउतार करतात. त्या लाटेत तेलुगू बातम्या क्षणभर खाली गेल्या आणि एका बाईचा संथ आवाज वर आला.

"...अपना नाम रखमाजी बताते हैं... गाँव केदारखेड़ा... मराठी बोलते हैं... परिजन कृपया..."

पुन्हा तेलुगू बातम्या चढल्या.

कल्याणच्या हातात तारेचं रीळ होतं. ते खाली पडून पार रस्त्यापर्यंत घरंगळत गेलं, तरी तो उठला नाही. समोरच्या चहावाल्यानं रीळ आणून दिलं आणि बरं वाटत नाही का म्हणून विचारलं. कल्याणनं रीळ घेतलं आणि मांडीवर ठेवलं. आपण ज्याला जाळून आलो त्याचं नाव आत्ता एक बाई वाचत होती, एवढंच डोक्यात फिरत होतं.

घरी गेल्यावर त्यानं बेबीनंदाला सांगितलं. ती आधी घाबरली, मग म्हणाली की पोलिसांकडे जा. पण काय सांगणार? रेडिओवर खरखरीत चार शब्द ऐकले म्हणून? ओळख पटवून सही तर यानंच केली होती. आणि कानाला भास झाला असेल तर? आपल्याला ऐकायचं असतं तेच माणसाला ऐकू येतं. शेवटी दोघांनी ठरवलं की केंद्र कोणतं ते बिलकुल पक्कं होईपर्यंत उषाबाईला यातलं काही कळू द्यायचं नाही.

कल्याणनं मोबाईलवर शोधलं. काट्याच्या त्या जागेच्या आसपास हिंदी मुलखातली बरीच केंद्रं दिसत होती, राजस्थानापासून बिहारपर्यंत. त्याच्या रेडिओवर आकडे नव्हते, नुसता काटा. नाव सांगतील म्हणून तो रोज मावळतीला कान लावून बसू लागला, तर बातम्यांच्या आधी दोन्ही केंद्रं आपापलं नाव एकाच क्षणाला सांगायची आणि तेलुगू नावाखाली हिंदी नाव बुडून जायचं. एरवी या गोष्टीचं त्याला हसू आलं असतं. आता तो रेडिओ कसाही फिरवून बघायचा, पण जोरातलं तेलुगू केंद्र पुरतं दबत नव्हतं.

मग त्यानं उलट केलं. रेडिओ असा फिरवला की खालचं हिंदी केंद्रच पूर्ण दबलं, आणि त्या जागी आतल्या कांडीच्या सरळ रेषेत टेबलावर खडूनं रेघ ओढली. नकाशावर पुढं वाढवली तर रेघेचं एक टोक कोकणाकडून समुद्रात जात होतं. दुसरं टोक विदर्भ ओलांडून छत्तीसगढकडे. राजस्थान गेलं, बिहार गेलं. सकाळी लवकर येऊन ऐकलं तर पूर्वेला उजाडताच हे केंद्र सगळ्यांच्या आधी विरून जायचं. म्हणजे पूर्वेकडचंच. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात हिंदीसारखी पण हिंदी नसलेली बोली यायची. तिचा एक तुकडा त्यानं मोबाईलमध्ये भरला आणि जालन्याला गेला. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांत छत्तीसगढचे बरेच मजूर आहेत. कारखान्याच्या गेटसमोर जेवणाच्या सुट्टीत त्यानं तो तुकडा चार-पाच जणांना ऐकवला. बुधराम नावाचा एक मजूर जेवता जेवता थांबला.

"ये तो हमारे सरगुजा की बोली है," तो म्हणाला. "आपको कहाँ मिली?"

कल्याण तिथंच फुटपाथवर बसला. भास नव्हता तर.

सरगुजाकडच्या केंद्राचा नंबर मिळवून त्यानं फोन केला. सूचना कुणी दिली ते तिथल्या माणसानं शोधून सांगितलं. एका संस्थेचा आश्रम होता. आश्रमातल्या बाईंनी सांगितलं की हा माणूस त्यांना स्टेशनवर तापात सापडला, कितीतरी महिने एक शब्द बोलला नव्हता, आणि आता आताशी नाव-गाव सांगायला लागलाय. नावात खेडा आहे म्हणजे गाव मध्य प्रदेशात असेल असं वाटून त्यांनी तिकडे चौकशी केली होती. त्यांनी फोटो पाठवला. दाढी वाढलेली, गाल बसलेले. कल्याणनं फोटो बघितला आणि लगेच मोबाईल पालथा ठेवला. एकदा चुकलेल्या डोळ्यांवर त्याचा विश्वास राहिला नव्हता. बेबीनंदाला दाखवला. ती फोटोकडे बघून रडायला लागली तेव्हा त्याला खरं वाटलं.

उषाबाई अंगणात तूर निवडत होती. कल्याण तिच्यासमोर बसला.

"वहिनी, दादा जिता हाय."

तिनं वर बघितलं नाही. हात मात्र थांबले. त्यानं सगळं सांगितलं, मोबाईल तिच्यापुढं धरला. ती फोटोकडे खूप वेळ बघत राहिली. रडेल, ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसती बसली होती आणि तिच्या मांडीवरचं सूप हळूहळू कलंडून तूर जमिनीवर सांडत होती.

"मंग भाऊजी," ती म्हणाली, "आपण जाळलं ते कोण व्हतं?"

कल्याणनं पुढं धरलेला मोबाईल खाली घेतला. रेडिओवर नाव ऐकल्यापासून एकदाही हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

बबलू, कल्याण आणि उषाबाई निघाले. निघताना शेजारच्या बायका म्हणाल्या, आता कुंकू लाव. ती म्हणाली, डोळ्यानं बघितल्याबिगर न्हाई लावायचं.

आश्रमाच्या ओट्यावर रखमाजी उन्हात लसूण सोलत बसला होता. अंगात कुणाचातरी जुना स्वेटर. बबलूला त्यानं ओळखलं नाही. कल्याणकडे बघून ओळखीचं हसला, जसं बाजारात कुणी भेटल्यावर हसतात. मग त्याची नजर उषाबाईवर गेली. कपाळावर थांबली, तिथून मनगटावर उतरली. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"बबलूच्या माय," त्यानं विचारलं, "कोण गेलं?"

आश्रमातल्या बाईंना मराठी कळत नव्हती, त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. उषाबाई ओट्याच्या पायरीवर बसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला. रखमाजी उठून तिच्याजवळ आला, बाजूला बसला आणि कोण गेलं, कधी गेलं, हेच पुन्हा पुन्हा विचारत तिची पाठ चोळत राहिला. तिच्या माहेरचं कुणी गेलं असं त्याला वाटत होतं.

रखमाजी गावात परत आला. औषधं चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही दिवस तो दारात बसून नुसता रस्ता बघतो. मधल्या काळात कुठं होता, कोणत्या गाडीत बसला, काही सांगता येत नाही. निळ्या शर्टाचं विचारलं तर म्हणतो, असंल कुठं तरी. सगळं गाव भेटायला येऊन गेलं. तेराव्याला जेवून गेलेली माणसं त्याच्यापुढं बसून चहा प्यायली.

कल्याण मात्र सावरला नाही. तो त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलिसांकडे गेला आणि आपण ओळख चुकीची पटवली हे लिहून दिलं. प्रकरण पुन्हा उघडलं; शवविच्छेदनाच्या वेळी काढून ठेवलेलं हाड अजून पोलिसांकडे होतं. मग तो भोकरदनच्या टेलरकडे गेला. टेलर म्हणाला, अर्ध्या तालुक्याच्या अंगात माझे शर्ट हायेत. कल्याणनं मनाशी हिशेब केला. रखमाजीनंच शर्ट कुणाला दिला नसेल, तर मेलेला माणूस इथलाच, आसपासच्या कुठल्यातरी घरचा होता. त्या घरात अजून वाट बघत असतील.

दर बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून तो गावोगाव विचारू लागला, कुणाचं माणूस गेलेलं परत आलं नाही का. अशी माणसं खूप निघाली. मागच्या महिन्यात एका वस्तीवर त्याला केशरबाई नावाची म्हातारी भेटली. तिचा मुलगा भुजंग कामाला म्हणून गेला होता, अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. किती तरी जणांच्या अंगात तसला शर्ट असतो हे कल्याणला माहीत होतं. तरी तिच्या ओसरीवर बसून त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, स्वतःनं मान हलवली होती तेही. पक्कं काही न्हाई, रक्ताची तपासणी करावी लागंल, असंही सांगितलं.

केशरबाईनं मधे एकदाही त्याला अडवलं नाही.

"अग्नी कुणी दिला?" तिनं विचारलं.

"माझ्या पुतण्यानं."

"समदं केलं? दहावा, तेरावा?"

"समदं."

"गावजेवण?"

कल्याणनं मान हलवली. तिनं डोळे पुसले नाहीत. आत गेली, पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, पी बाबा, लांबून आलास.

तपासणीसाठी केशरबाईचं रक्त घेऊन गेलेत. निकाल अजून यायचा आहे.