बुडालेल्या शहराचे दोन खासदार

ताई गेली तेव्हा तिच्या टेबलावर एका इंग्रजी शहराचा इतिहास लिहून पूर्ण झालेला होता. तो कुणी वाचलेला मात्र नव्हता.

ती शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतर या एकाच शहराच्या मागे लागली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे ते जुने बंदर. भरभराटीच्या काळात त्याला पार्लमेंटात दोन खासदार पाठवायचा हक्क मिळाला. पुढे समुद्र आत येत गेला. धक्का गेला, बाजार गेला, चर्च एकामागून एक कड्यावरून कोसळली. मूठभर घरे उरली, पण खासदार दोनच्या दोन राहिले, कित्येक पिढ्या.

नाक्यावरचा दुकानदार तिला छेडायचा, "काय गो बाय, तुझ्या इंग्लंडात आज कोण निवडान इलो?" ताई हसायची आणि साखर घेऊन घरी येऊन पुन्हा लिहायला बसायची.

वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात शेवटचे प्रकरण वाचायचे तिने कबूल केले होते. ते माझ्यावर आले. मी चारचौघांत बोलणारा माणूस नव्हे. मनाशी ठरवले, एकानेही कान दिला नाही तर हे कागद कपाटात जातील आणि तिथेच राहतील.

नंतर दशावतार होता, म्हणून मांडव भरलेला. अध्यक्ष कानाशी म्हणाले, "जरा आटपतां घ्या. राजा मुकुट घालून बसलोहा."

पहिले पान शेंगा फोडण्याच्या आवाजात गेले. दुसऱ्या पानावर एकजण फोनवर मोठ्याने बोलू लागला. माझा आवाज आणखी बारीक झाला. मग ते वाक्य आले: मताचा हक्क शहराचा होता, आणि शहर पाण्याखाली होते.

पुढे बसलेली म्हातारी मासेवाली ताडकन म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखांच मगे! आमचे चार माड अजून सातबाऱ्यावर आसत. त्या माडांवर आता बांगडे चढतत."

मांडव हसला. फोनवाल्याने फोन ठेवला. आमच्या खाडीच्या तोंडाशी कुणाची जमीन समुद्राने नेली नाही?

मी वाचत राहिलो. बाहेरच्या श्रीमंतांनी ती उरलीसुरली मते कशी विकत घेतली, ते वाचले, तोच मागून दुकानदार ओरडला, "आये, तुझां मत कोण घेता काय बघ!"

"माझां मत मी इकूचंय नाय," म्हातारी मागे वळून म्हणाली. "तू तुझी तूरडाळ इक."

या वेळी हसू मांडवाबाहेर ऐकू गेले. पडदा बाजूला सारून दशावतारातला राजा मुकुटासकट बाहेर आला. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले, तर तो त्यांच्याच शेजारी खुर्ची ओढून बसला. "वाचा, वाचा. माझां राज्य खंय पळान जाता?"

मी शेवटचे पान वाचले. पार्लमेंटाने त्या बुडालेल्या शहराचे दोन्ही खासदार काढून घेतले, आणि माणसांनी गजबजलेल्या पण एकही खासदार नसलेल्या नव्या शहरांना मताचा हक्क दिला. ताईने खाली लिहिले होते, 'माझे शहर इथे संपले, आणि मला आनंद झाला.' हे वाक्य मी न अडखळता वाचले.

 मग दुकानदार उठला, हात जोडून त्याने देवळात घालतात तसे गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा! आमच्या बायन जां लिवलां, तां छापून गावात येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा मांडव म्हणाला. राजाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता.

त्या रात्री कागद घरी आणले आणि तिच्या टेबलावरच ठेवले. सकाळी उठून पहिल्या पानापासून स्वच्छ प्रत करायला बसलो.