सासूबाईंना सापडलेलं शिंग

दोन हजार पाच साली आम्ही अमेरिकेत बॉथेलला एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नवऱ्याकडे नोकरी होती आणि माझ्याकडे डिपेंडंट व्हिसा, म्हणजे काम करायला बंदी आणि पोळ्या लाटायला पूर्ण मुभा. त्यात नागपूरहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. तिसऱ्या महिन्यापर्यंत आमच्यातलं बोलणं मीठ कमी की जास्त एवढ्यावर आलं होतं.

शेजारच्या बैठ्या घरात सत्तरीची एक गोरी बाई एकटीच राहायची. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे तोंडात शिव्या भरपूर. एप्रिलमध्ये ती मला म्हणाली, "शनिवारी शेड शोधायला येतेस?"

शेड म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याचं छप्पर आलं. म्हातारीला सामान ठेवायला जागा हवी असेल असं वाटून मी हो म्हणून बसले. मग कळलं की दर हिवाळ्यात नर हरणांची शिंगं आपोआप गळून पडतात, त्यांना शेड म्हणतात, आणि ही बाई वीस वर्षं दर वसंतात ती वेचत फिरते.

नवरा सॉफ्टवेअरच्या रिलीजच्या नावाखाली शनिवारीही ऑफिसात. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघी उंडारणार आणि मी काय त्या मायक्रोवेव्हकडे बघत बसू?" नऊवार नव्हे, पण पाचवार साडी, वर मुलाचं जाकीट आणि पायात मुलाचेच बूट अशा थाटात त्या बाईच्या पिकअप ट्रकमध्ये आम्हा दोघींच्या मधे बसल्या.

डोंगर ओलांडून पूर्वेला गेलो की पाऊस संपतो आणि उघडी, करडी, झुडपांची टेकाडं लागतात. तिथं आम्ही चार तास चाललो. शिंग म्हणून मी सात काटक्या उचलल्या. प्रत्येक वेळी बाई एक नवी शिवी द्यायची.

"काय म्हणते ती?" सासूबाई विचारायच्या.

"छान प्रयत्न, म्हणते."

दुपारी सासूबाईंना 'जाऊन यायचं' होतं. आडोशाला एकच मोठं झुडूप होतं. त्या त्याच्यामागे गेल्या आणि क्षणात किंचाळल्या. साप असेल म्हणून मी धावले. त्या अर्धवट उठून, एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातात चार टोकांचं भलंमोठं शिंग धरून उभ्या होत्या.

"बसायच्या आधी बघितलं म्हणून वाचले गं," त्या म्हणाल्या, आणि इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा बसावं लागलं. लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मलाही आवरेना.

बाईने शिंगावरून हात फिरवला. असं तिला आठ-दहा वर्षांत मिळालं नव्हतं. पण ज्याला सापडलं त्याचं, हा नियम. "भिंतीवर कुठं लावणार, विचार त्यांना."

सासूबाईंनी मला विचारलं, "हिच्याकडे करवत आहे का?"

सांबरशिंग उगाळून गुडघ्याला लावायचं, हे त्यांच्या घरातलं पिढ्यान्‌पिढ्यांचं औषध. मी समजावून सांगितलं तेव्हा बाईचा चेहरा पडला. असलं शिंग कापायचं म्हणजे पाप! मी ते भाषांतर करून सांगितलं.

"भिंतीचे का गुडघे दुखतात?" सासूबाई म्हणाल्या.

हे मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईने वाकून स्वतःचे गुडघे चोळले. तिचेही गुडघे दुखत होतेच. घरी पोचल्यावर तिनेच करवत काढली आणि एका टोकाचा बोटभर तुकडा कापून दिला.

संध्याकाळी नवरा परतला तेव्हा त्याची आई शेजारणीच्या अंगणातल्या फरशीवर उकिडवी बसून पाणी घालून घालून शिंग उगाळत होती. शेजारीण खुर्चीत, पँट गुडघ्यांवर गुंडाळून, लेपाची वाट बघत होती.

"हे काय चाललंय?" तो मला म्हणाला.

"दवाखाना. नंबर लाव."

उतार कितपत पडला देव जाणे. लेपाला दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा वास होता, आणि दोघींनी तो आठवडाभर न चुकता लावला. एकमेकींचं अक्षरही कळत नसताना तासन्‌तास गप्पा मारल्या. मी मधे भाषांतर करायला गेले की दोघी मला हाताने गप्प करायच्या.

जाताना सासूबाईंना शिंग सुटकेसमध्ये हवं होतं. "कस्टमवाले आत टाकतील, आई," नवऱ्याने निक्षून सांगितलं. त्यांनी ते बाईच्या हातात ठेवलं आणि तिने लगेच भिंतीवर चढवलं, एक टोक कापलेलं तसंच. एअरपोर्टवर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी डोळे पुसत नाही असं दाखवलं.

पुढच्या वसंतात बाई आणि मी दोघीच गेलो. मला एक शिंग मिळालं, छोटं, एका बाजूने उंदरांनी कुरतडलेलं. मी हरखून नागपूरला फोन लावला.

"एवढ्या लांब जाऊन उंदरांचं उष्टं आणलंस?" सासूबाई म्हणाल्या.