आमच्या घरात असं कुणालाच नाही

लंडनमधल्या क्रॉयडनच्या एका प्रायमरी शाळेत, ज्या मुलांना वाचन जड जातं त्यांना मी थोडा वेळ वेगळं बसवून शिकवते. शाळेत हरवलेल्या स्वेटरांचा ढीग आपोआप वाढतो ना, तसे माझ्याकडे किस्से साठतात. मुलांचे नव्हे हं, आईबापांचे! मुलं बिचारी शहाणी असतात.

*

पुण्याहून आयटीत आलेले एक बाबा. त्यांच्या अद्वैतला डिस्लेक्सिया आहे म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "किती टक्के?"

टक्के नसतात हो, मी सांगितलं. मग वर्गात आणखी कुणाला आहे, त्यांना याच्यापेक्षा जास्त आहे का, हे विचारून झालं. शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःची समजूत घातली, "बॉर्डरवरच असणार, मॅडम. सुट्टीत क्लास लावतो."

*

केली नावाची एक इंग्लिश आई. मी लक्षणं सांगत होते आणि ही प्रत्येक लक्षणाला जोरजोरात मान डोलवत होती. किती समजूतदार बाई, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात ती म्हणाली, मुलाचं राहू दे, नवऱ्याची टेस्ट कधी घेता?

*

वेम्बलीच्या एक आजी सुनेबरोबर मीटिंगला आल्या. "आमच्या घरात असं कुणालाच नाही हो," असं मला म्हणाल्या आणि बघितलं सुनेकडे.

त्याच टर्ममध्ये नातवाला गणितात बक्षीस मिळालं. आजी पेढे घेऊन हजर! डोकं आजोबांचं घेतलंय म्हणे. सुनेने फक्त दोन पेढे उचलले.

*

आणि मिलान. स्लोव्हाकियातून आलेलं रोमा, म्हणजे लोक ज्यांना जिप्सी म्हणतात तसं, कुटुंब. त्याच्या मुलीला, झुझानाला, वेगळं बसवायचं म्हटल्यावर आई, आजी, दोन काका, सगळे शाळेत आले. एकाच्या मुलीचा प्रश्न म्हणजे सगळ्या घराचा प्रश्न. मिलानला लहानपणी तिकडे, रोमा म्हणून, मंद मुलांच्या शाळेत टाकलं होतं. तिथून तो साध्या शाळेत परत कधी गेलाच नाही.

"ती बसेल तिथे मी बसेन," तो म्हणाला. हेडटीचरने परवानगी दिली.

तेव्हापासून हा धिप्पाड माणूस रोज सकाळी झुझानाशेजारी, छोट्याशा खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन बसायचा. सुरुवातीला माझ्यावर नजर ठेवून. पुढे पुढे पुस्तकावर. मी प्रश्न विचारला की तिच्याआधी याचा हात वर! झुझाना मला बजावायची, "मिस, त्याला उत्तर सांगू नका. त्याला ट्राय करू दे."

ईस्टरनंतर मी सगळ्या घराला बोलावलं. झुझाना आता छान वाचते, उद्यापासून ती पूर्ण वेळ आपल्या वर्गात, असं सांगितलं. आजीने माझे दोन्ही हात धरले. आई रडली. काकांनी झुझानाला खांद्यावर घेतलं आणि सगळे दाराकडे निघाले.

मिलान खुर्चीतून हलेना.

"तिला न्या," तो म्हणाला. "माझं पुस्तक अर्धं राहिलंय."