गाऱ्हाण्याचा ग्रुप

माझी बायको डॉक्टर आहे आणि अजून शिकते आहे. हे वाक्य आमच्या कट्टा गावच्या बाजारात मी इतक्या वेळा म्हटले आहे की आता समोरच्याने तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न मला ऐकू येतो. "डॉक्टर झाली मा? मगे अजून शिकता काय?" मग मी नारळ पिशवीत भरता भरता समजावतो की लहान मुलांची डॉक्टर व्हायचे तर आणखी तीन वर्षे मोठ्या हॉस्पिटलात राबावे लागते, त्याला रेसिडेन्सी म्हणतात, आणि ती मुंबईला असते. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या आठवड्यात तेच विचारतो.

मी शाळेत गणित शिकवतो. आमच्या विषयाची खोड अशी की गणित दिसले की ते सोडवल्याशिवाय हात थांबत नाही. पहिल्या वर्षी बायको दोन कामांच्या मध्ये पाच मिनिटे फोन करायची. पाय सुजले म्हणाली की मी म्हणायचो, चपला बदल. जेवायला वेळ मिळाला नाही म्हणाली की म्हणायचो, खिशात काजू ठेव, घरचेच तर आहेत. सीनियर ओरडली म्हणाली तर तिच्याशी कसे बोलावे याचे तीन मुद्दे. एकदा ती मध्येच थांबली. "मी तुझ्या वर्गातला पोर नाय रे. माका उत्तर नको."

मला राग आला. एवढे जीव तोडून सांगतोय आणि हिला उत्तर नको! पण त्यानंतर तिचे फोन आखूड झाले. "जेवलंय. निजतंय." एवढेच. आधी मी फुगून बसलो, मग घाबरलो. ती मला काही सांगेनाशी झाली होती. तीन वर्षांनी घरी परत येईल ती बाई माझ्या ओळखीची असेल का, हा विचार आला आणि फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबला.

त्याच दिवसांत आईने मालवणला बांगडे आणायला पाठवले होते. परतीच्या एसटीची वाट बघत फोन चाळताना एक ग्रुप सापडला: शिकणाऱ्या डॉक्टरांच्या जोडीदारांचा, मराठीतला. मी आत शिरलो. सगळ्या बायका. ग्रुप चालवणाऱ्या नागपूरच्या ताईंनी लगेच विचारले, "दादा, चुकून आलात का?" म्हटले, "नाही ताई, आमच्याकडे डॉक्टर ती आहे." मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली आणि त्यांनी मला ठेवून घेतले. बांगड्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी कट्टा येईपर्यंत वाचत होतो. माझ्या घरातलेच कुणी लिहिले आहे असे वाटत होते. इतके बरे मला कित्येक महिन्यांत वाटले नव्हते.

पण जित्याची खोड! नाशिकच्या एकीने लिहिले की नवरा मुलीचा वाढदिवस विसरला. मी सात उपाय लिहून टाकले, क्रमांक घालून. मग नागपूरच्या ताईंचे उत्तर आले, "दादा, उपाय आम्हालाही सुचतात. इथे फक्त ऐकायचं असतं." कान लाल झाले.

त्या आठवड्यात आईने सुनेसाठी गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायला सांगितले. आमच्याकडे देवाशी बोलायची ही रीत आहे. गावातला जाणता माणूस नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने अडचण सांगतो आणि मागे उभे असलेले त्याला साथ देतात. "म्हाराजा, ह्या घरची सून मुंबयत शिकता. तिचा खाणापिणा, निजणा येळेवर होवंदे!" "व्हय म्हाराजा!" लहानपणापासून मी हे ओरडत आलो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले की मागच्यांपैकी कुणीही कधी सल्ला देत नाही.

हे मी ग्रुपवर लिहिले, माफीसकट. नाशिकच्या ताईंना फारच आवडले. तेव्हापासून कुणी काही सांगितले की खाली ओळीने "व्हय म्हाराजा" येते. नागपूरकर आमची मालवणी बरी लिहितात.

मग एका रविवारी दुपारी, आम्ही जेवायला बसणार एवढ्यात, बायकोचा फोन आला. आवाज बसलेला. "माका जमणा नाय रे. सगळा सोडून घराक येतंय." जिभेवर सहा मुद्दे तयार होते, पहिला तर अगदी बिनतोड होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "व्हय म्हाराजा."

मग ती म्हणाली, "सगळ्यांसमोर माझ्यावर आरडली ती सीनियर."

"व्हय म्हाराजा."

"चूक माझी नव्हतीच."

"व्हय म्हाराजा!" हे आई, आमटीचा डाव हातात घेऊन, माझ्या खांद्यामागून.

पुढे ती रडली, बोलली, परत रडली. शेवटी मेसच्या वांग्याच्या भाजीवर आली, तेव्हा आम्ही दोघांनी एवढ्या जोरात साथ दिली की तिला हसू फुटले. "ठेवतंय," ती म्हणाली, "वॉर्डात जावक होया." तिने काही सोडले नाही. आमटी थंड झाली होती, पण मी दोनदा भात घेतला.

त्यानंतर फोन पुन्हा लांबले. परवा तिने सगळे सांगून झाल्यावर विचारले, "आणि तुझा गाऱ्हाणा काय ता?"

ती घरी असली की रविवारी संध्याकाळी आम्ही धामापूरच्या तळ्यावर जातो. म्हटले, "तळ्यावर एकटो जातंय. बरा वाटणा नाय."

मागे वॉर्डात एक पोर रडत होते, कुणीतरी तिला हाक मारत होते. ती तशीच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा."