फक्त फॅमिलीजसाठी

गल्फमध्ये एकटा राहणारा पुरुष म्हणजे बॅचलर. गावी बायको असो, तीन पोरं असोत, लेक सासरी गेलेली असो. कुटुंब इथे नाही ना, मग बॅचलर! या शब्दाची मला चीड आहे. अजूनही आहे.

आमचे चाचा असेच बॅचलर. मूळचे रत्नागिरीचे, इथे तासाभरावरच्या बरका शहरात किराणा दुकान. बाबांनी एकदा तिथे कॅरमची पावडर मागितली, तर हे म्हणाले, "खेळता काय?" तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी ते अल् घुब्राला आमच्या फ्लॅटवर. आई-बाबा एक जोडी, चाचा आणि मी दुसरी.

"काय गो, राणी घेतलीस, आता कव्हर कोण घेणार? तुझा बापूस?"

"घेतो की," बाबा म्हणायचे. आणि घ्यायचेही.

यंदा इथल्या मराठी मंडळाने कॅरमच्या स्पर्धा ठेवल्या. मी आमच्या जोडीचं नाव दिलं. उत्तर आलं, फक्त फॅमिलीजसाठी. माझं डोकंच फिरलं. कॉलेजात पत्रकं लिहून हात तयार झालेला. चाचांचा बोर्डावर वाकलेला फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'तीन मुलांचा बाप बॅचलर कसा? या माणसाला दारातून परत पाठवताना लाज कशी वाटत नाही?'

मंडळ नमलं. मी फोनवर ओरडलेच, "चाचा, जिंकलो!"

"बरं," ते म्हणाले.

स्पर्धेला ते आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. शेवटी मीच बरक्याला गेले. त्यांनी स्टूल दिलं, फ्रीजमधून लबनची बाटली काढून दिली. ताकच ते.

"घरी सांगून ठेवलेलं," ते म्हणाले, "गुरुवारी मी फॅमिलीत असतो म्हणून. तू टाकलेला फोटो फिरत फिरत गावाला गेला. बायको विचारते, तुम्हाला दारातून परत पाठवतात?"

"पण चाचा, नियम चूकच होता."

"होता की. पण मला विचारलंस काय गो?"

नव्हतं विचारलं. कधीच विचारत नाही मी. अन्याय दिसला की माणसाचा मथळा करून मोकळी! आमच्या घरात ते बॅचलर नव्हते. तो शिक्का त्यांच्यावर गावभर मारला तो मी, मंडळाने नव्हे. माफी मागितली. "खलास, सोड," म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

आता शुक्रवारी सकाळी मीच बरक्याला जाते. दुकानामागे तांदळाच्या गोणींवर बोर्ड टाकलेला असतो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "पुढच्या वेळी आई-बाबांना आणू? जोडीने खेळू."

"नको. एकेरीच बरं."

चाचा पूर्वीसारखेच माझ्या समोर बसतात. फक्त आता काळ्या सोंगट्या त्यांच्या, पांढऱ्या माझ्या.